कूलर सुरू करून ऐका

अमरावतीत पत्ता सांगायचा झाला की सिनेमा आठवावा लागतो. राजकमल चौक, चित्रा चौक, प्रभात चौक, सरोज चौक, श्याम चौक. टॉकीज राहो न राहो, चौकाला नाव तिचंच. अशा गावात घरात थेटर उभं करायची हौस माणसांना असणारच, आणि त्या हौसेवर माझं पोट चालतं. दुरुस्तीचं दुकान अमरावतीत, आणि आठवड्यातून एक फेरी अकोल्याची, तिथल्या गिऱ्हाइकांसाठी. आधी टेपरेकॉर्डर आणि डेक होते, मग व्हीसीडी प्लेअरसोबत पाच डब्यांचे संच आले, आता साउंडबार आहेत. यंत्रं बदलली, पण काउंटरवर कोपर टेकवलं की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न अजून तोच: "भाऊ, किती वॅटचं हाये?"

या वॅटच्या आकड्याने लोकांचा जेवढा पैसा खाल्ला तेवढा दुसऱ्या कशाने खाल्ला नसेल. एकेकाळी डेकच्या तोंडावर चंदेरी स्टिकर असायचं, पाच हजार वॅट, दहा हजार वॅट, आणि पुढे बारीक अक्षरांत पीएमपीओ. झाकण उघडलं की आत बारा व्होल्ट, तीन अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर आणि आमची ओळखीची 4440 नंबरची आयसी. सान्योने काढलेली ही आयसी म्हणजे गल्लीबोळातल्या मेकॅनिकची अन्नपूर्णाच. दोन्ही बाजूंना सहा-सहा वॅट देते, ब्रिज करून जोडली तर एकोणीस. आयसीत काही खोट नव्हती, खोट स्टिकरमध्ये होती. बारा गुणिले तीन म्हणजे छत्तीस. ज्या ट्रान्सफॉर्मरातून छत्तीस वॅटच निघतात त्यातून दहा हजार बाहेर पडणार कुठून? सतत मिळणारी ताकद सांगणारा आकडा आरएमएस. तो छापलेला नसेल तर बाकी आकडे वाचायचेच नाहीत.

खरा आरएमएस आकडा असला तरी त्याच्या मागे किती धावायचं याला मर्यादा आहे. वॅट दुप्पट केले तर आवाज चढतो फक्त 3 डेसिबलने, म्हणजे जाणवेल न जाणवेल इतका. कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, आणि त्यासाठी वॅट हवेत दहापट. पन्नास वॅटचा काढून शंभर वॅटचा आणणाऱ्याने काय कमावलं याचा हिशोब यात आला. त्यापेक्षा स्पीकर किती तरतरीत आहे ते बघावं. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर जो स्पीकर 84 डेसिबल देतो त्याच्याऐवजी 90 देणारा घेतला, तर तेवढ्याच ॲम्प्लिफायरमधून चौपट वॅट लावल्याइतका आवाज मिळतो. हा आकडा डब्यावर कुठेतरी कोपऱ्यात असतो आणि तो कुणीच विचारत नाही. रोजच्या ऐकण्यात तर एक-दोन वॅटच खर्च होतात. बाकीचे वॅट गणपतीत पोट्ट्यांना नाचायला.

2016 साली 'सैराट' आला तेव्हा दुकानात जो तो 'झिंगाट' लावून ठोका तपासायचा. काउंटरवरची काच थरथरली की सौदा पक्का. माझी त्याला हरकत नव्हती, धंदा झाला. पण तेच संच घेऊन गेलेली माणसं काही दिवसांनी वेगळीच तक्रार घेऊन यायची: गाणं वाजते झक्कास, पण पिक्चरमधलं बोलणं समजत नाही. या तक्रारीवर मी कितीतरी वर्षं काम केलं आहे, आणि थोड्या पैशात काय सुधारायचं याचं माझं उत्तर त्यातूनच तयार झालं: आधी बोलणं ऐकू आलं पाहिजे, मग बाकीचं.

वऱ्हाडात हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा अवघड आहे, आणि त्याचं कारण खिडकीत बसलेलं असतं. मार्चअखेरपासून पावसाचा पहिला दणका येईपर्यंत आमच्याकडे घरोघरी कूलर चालतो. फुल स्पीडवर असला आणि आपण पाच-सहा फुटांवर बसलो की 60 डेसिबलच्या आसपासचा आवाज सहज होतो, म्हणजे समोरासमोर बसून साधं बोलतो तितका. त्यात पंख्याची घरघर जाडी, खालच्या पट्टीतली. जाडा आवाज मोठा झाला की तो आपल्यापेक्षा वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजांना झाकून टाकतो, हा कानाचाच स्वभाव आहे. आणि शब्द ओळखू येतो तो बारीक आवाजांवरच. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत बसतात, पण स, श, च, त, थ यांची धार दोन ते चार हजार हर्ट्‌झच्या आसपास आणि त्याच्याही वर असते. ती धार गेली की 'सात' आणि 'हात' सारखेच. अशा वेळी माणूस काय करतो? रिमोटने आवाज वाढवतो. त्याबरोबर बेसही वाढतो, आणि कूलरने अर्धवट झाकलेले शब्द वूफर पुरते झाकतो.

गाडगेनगरातल्या एका निवृत्त मास्तरांकडचं काम यासाठी मला नेहमी आठवतं. मुलगा पुण्याला नोकरीत, त्याने आई-बाबांसाठी पंधरा हजार पाठवले होते आणि फोनवर फर्मान दिलं होतं की काका, फाइव्ह पॉइंट वन बसवून द्या. मी घरी गेलो. त्रेचाळीस इंची टीव्ही भिंतीला चिकटलेला, त्याचे इवलेसे स्पीकर खाली तोंड करून. टीव्हीच्या अगदी शेजारच्या खिडकीत कूलर. मास्तर काही बोलायच्या आत काकूच म्हणाल्या, "मले आवाज नाई पायजे बाप्पा. थे का बोलून राह्यले थे समजलं पायजे."

माझ्या धंद्याची याहून नेमकी व्याख्या मी ऐकलेली नाही.

तिथे पहिलं काम रिमोटनेच केलं. टीव्हीत सराउंडचा खोटा परिणाम चालू होता, तो बंद केला. ऑडिओ आउटपुट साध्या स्टिरिओवर, म्हणजे पीसीएमवर आणला. सिनेमा आणि मालिका आता बऱ्याचदा पाच अधिक एक अशा सहा वाटांनी येतात, त्यात बोलणं मुख्यतः मधल्या वाटेत असतं. ऐकायला दोनच स्पीकर असले की यंत्राला ते सगळं दोनांत कोंबावं लागतं, आणि कोंबताना मधल्या वाटेचं बोलणं दबू शकतं. सेटिंग नीट असलं तर ते बरंच सावरतं, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. मग कूलर उचलून बाजूच्या भिंतीतल्या खिडकीत नेला. गोंगाट एकीकडून आणि बोलणं दुसरीकडून आलं की कान दोन्ही वेगळे करू शकतो. एकाच दिशेने आले की त्याची शक्ती संपते. कूलरच्या पंख्याचा बुश झिजला होता, तो बदलला, पायाखाली रबराचे तुकडे दिले. शेवटी दोन मध्यम आकाराचे, आतच ॲम्प्लिफायर असलेले स्पीकर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, खुर्चीत बसल्यावर कानाच्या उंचीला येतील असे ठेवले. त्यांच्यात सहा फुटांचं अंतर आणि समोर आठ फुटांवर काकूंची खुर्ची. सगळं मिळून नऊ हजारांच्या आसपास गेले, उरलेले मुलाला परत केले. त्याचा फोन आला, "काका, नऊ हजारांत होम थेटर कसं काय?" मी म्हटलं, थेटर नाही बसवलं, पण तुझ्या आईला विचार.

दोनच स्पीकर का, मधला का नाही, असं जाणकार विचारतील. रास्त आहे. टॉकीजमध्ये पडद्याला बारीक भोकं असतात आणि बोलण्याचा स्पीकर त्या पडद्यामागे उभा असतो. म्हणून नटाच्या तोंडातूनच शब्द निघतो असं वाटतं. घरी दोन चांगले स्पीकर नीट लावले तर मधोमध बसलेल्या माणसाला बोलणं टीव्हीतूनच येतंय असा भास होतो. मास्तरांकडे पाहणारे दोघंच, खुर्च्या मधोमध, तेवढ्यावर भागलं. पण दिवाणखान्यात आठ माणसं भिंतीपर्यंत पसरून बसणार असतील तर कडेच्यांना तो भास होत नाही, त्यांना जवळचाच स्पीकर ऐकू येतो. तिथे मधला स्पीकर घ्यावाच, आणि मागच्या दोन स्पीकरांचे पैसे त्याला द्यावेत. मागचे दोन हे चैनीचे. पावसाचा आवाज मागून आला नाही म्हणून कथा कुणाला कळली नाही, असं होत नाही.

अकोल्याचं प्रकरण वेगळं. जठारपेठेत एका कृषी केंद्रवाल्या तरुण भाऊंनी नवं घर बांधलं, हॉल बारा बाय बाराचा चौरस, खाली चकचकीत टाइल्स, वर पीओपी, एका बाजूला सबंध काचेचा दरवाजा. चाळीस हजारांपर्यंतची तयारी. आधीचा संच होता, त्याचा वूफर बिघडला म्हणून मला बोलावलं. "एकाच सुरात घुमून राह्यला भाऊ, गाणं कोणतंही लावा." वूफर उघडला तर कोन, कॉईल सगळं शाबूत. मग मी हॉलच्या मधोमध उभा राहून टाळी वाजवली. टाळीच्या मागे झणझण असा शेपटा लांबला. काच, टाइल्स आणि भिंती आवाज एकमेकींकडे फेकत होत्या.

घुमण्याचं गणित सोपं आहे. आवाज एका सेकंदात साधारण 343 मीटर जातो. बारा फूट म्हणजे 3.66 मीटर. दोन समोरासमोरच्या भिंतींच्या मधे ज्या सुराची अर्धी लाट बरोबर मावते तो सूर तिथे फुगतो, आणि या मापात तो येतो 47 हर्ट्‌झच्या जवळ. खोली आयताकृती असती तर लांबीचा एक आणि रुंदीचा दुसरा असे दोन वेगळे सूर थोडे थोडे फुगले असते. चौरस खोलीत दोन्ही एकाच जागी एकमेकांवर चढतात. त्यात वूफर कोपऱ्यात कोंबलेला, आणि कोपरा बेस आणखी वाढवतो. वाजत होती ती खोली. अशा घरी हजार रुपयांचा काय, लाखाचा वूफर आणला तरी तोच सूर घुमणार.

यावर एक जुनी युक्ती आहे. वूफर उचलून आपल्या नेहमीच्या बसण्याच्या जागी, सोफ्यावर ठेवायचा, बेस असलेलं गाणं लावायचं आणि आपण भिंतीच्या कडेकडेने, गुडघ्यांवर, कान वूफरच्या उंचीला आणून फिरायचं. जिथे बेस सगळ्यात सारखा, न घुमता ऐकू येतो तिथे वूफर ठेवायचा. भाऊ रांगत होते आणि वहिनी दारात उभ्या राहून हसत होत्या, पण जागा सापडली, दाराच्या बाजूला भिंतीच्या मध्याजवळ. खर्च शून्य.

झणझणीसाठी मी गादीवाल्याला गाठलं. ज्या मुलखात कापूस पिकतो, जिनिंगमध्ये त्याचे डोंगर लागतात, तिथली माणसं मागवतात फोमचे एक इंची, खळग्या-खळग्यांचे तुकडे! ते दिसायला स्टुडिओसारखे, पण पातळ, फार तर वरच्या बारीक सुरांना पितात. बोलणं ज्या पट्टीत गढूळ होतं तिथे जाडी लागते. जुन्या गादीचा कापूस पिंजून, चार बाय दोन फुटांच्या लाकडी चौकटीत चार इंच जाडीचा भरून, वर जाडंभरडं सुती कापड. असे चार पाट करवले. भिंतीपासून दोन इंच सोडून टांगले, कारण मागे पोकळी ठेवली की तीच जाडी आणखी खालच्या सुरापर्यंत काम करते. कुठे टांगायचे ते आरशाने ठरवलं: आपण सोफ्यावर बसायचं, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्यायचा, आरशात स्पीकर दिसला की तिथे पाट. काचेच्या दाराला जाड पडदा, खाली सतरंजी. पाटांचा खर्च साडेतीन हजारांच्या आत बसला. अमेरिकेत जुन्या जीन्सच्या कापसाची अशीच बिछायत भिंतींत भरायला विकतात, तिथे तिला मोठं नाव आहे. एक काळजी मात्र घ्यायची: कापूस पेट घेतो, तेव्हा स्विचबोर्ड, वायरचे जोड, दिव्याची वात यांच्याजवळ पाट नको.

पाट लावून पुन्हा टाळी वाजवली तेव्हा शेपटा गेला होता. भाऊंनी त्यांच्या जुन्याच संचावर एक सिनेमा लावला आणि अर्ध्या तासाने म्हणाले, "मंग नवं घ्याचं कायले?" माझ्या धंद्याला हे वाक्य परवडत नाही, पण खरं होतं. शेवटी त्यांनी समोरचे दोन आणि मधला एवढे तीनच चांगले घेतले, वूफर तोच ठेवला आणि चाळीसातले बरेच वाचवले.

अकोल्याची फेरी आता सुखाची झाली आहे, हे जाता जाता सांगतो. जून 2022 मध्ये याच अमरावती–अकोला मार्गावर लोणी ते माना दरम्यान, एकेरी लेन धरून, 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत अखंड टाकून गिनीजमध्ये नोंद झाली. त्याआधी त्या रस्त्याची जी अवस्था होती, तिच्यात दुरुस्त केलेला ॲम्प्लिफायर नेताना मी त्याला गोधडीत गुंडाळून मांडीवर घेत असे. तरी मूर्तिजापूर येईस्तोवर एखादा सोल्डरचा टाका सुटायचा.

उन्हाळ्याचा पहिला बळी बोलणं, दुसरा बळी म्हणजे यंत्राचं पोट. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या वर जातो, आणि लोक ॲम्प्लिफायर ठेवतात टीव्हीखालच्या बंद शोकेसमध्ये, वर पुन्हा डॉइली. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीला साधारण निम्मं होतं. माझ्याकडे जूनमध्ये येणाऱ्या दुरुस्त्यांत फुगलेले कपॅसिटरच जास्त. शोकेसचं मागचं प्लाय काढून टाकलं, वर चार बोटं जागा सोडली, तर नवा घ्यायची वेळ कितीतरी पुढे जाते. जुने स्पीकर घेतानाही हेच बघायचं. कोनाच्या कडेची रिंग फोमची असेल तर ती दहा-पंधरा वर्षांत भुगा होते, आमच्या उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. बोटाने हळूच दाबा, चिकट लागली किंवा तुकडा निघाला तर किंमत पाडून मागा. रिंग बदलून मिळते, काही शेकड्यांचं काम आहे. रबराची किंवा कापडी रिंग असेल आणि कॉईल घासत नसेल तर डोळे मिटून घ्या. जुना, जड, लाकडी डब्याचा स्पीकर नव्या प्लास्टिकच्या पाच डब्यांना आजही भारी पडतो.

गुणगुण हीदेखील लोकांना यंत्र बदलायला लावणारी गोष्ट. स्पीकरमधून सतत 'हुंऽऽ' येते आणि सांगणारे सांगतात, ॲम्प्लिफायर गेला. पुष्कळदा दोष असतो गच्चीवरच्या डिशच्या किंवा केबलच्या वायरचा, तिचं अर्थिंग वेगळं, घराचं वेगळं, आणि दोहोंच्या मधे फिरणारा करंट स्पीकरमध्ये ऐकू येतो. सेटटॉप बॉक्सची केबल काढून बघा, गुणगुण थांबली तर ॲम्प्लिफायर बिचारा निर्दोष. लाइट गेल्यावरच गुणगुण येत असेल तर स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर तपासा.

आणि ॲटमॉस. डब्यावर हा शब्द असला की दोन-तीन हजार जास्त मोजायला लोक तयार होतात. साउंडबारमधून वर फेकलेला आवाज छतावर आपटून खाली यावा, अशी त्याची रचना. छत सपाट आणि कडक असेल तर थोडंफार साधतं. आमच्याकडे खोल डिझाइनचं पीओपी, मधे गरगरणारा पंखा, कित्येक घरी टिन. त्या छपराला ॲटमॉस काय कळणार! त्यापेक्षा टीव्हीच्या मागे एचडीएमआयच्या एका छिद्राशी एआरसी लिहिलंय का ते पाहून त्यातूनच साउंडबार जोडा. एका रिमोटवर काम होतं.

मग थोडक्या पैशात घ्यायचं काय? माझा हिशोब असा. दहा हजारांच्या आत असाल तर आतच ॲम्प्लिफायर असलेले दोन स्पीकर, नाहीतर मधे बोलण्यासाठी वेगळा स्पीकर असलेला साधा साउंडबार, आणि उरलेल्यात जाड पडदा. पंधरा-वीस हजार असतील तर तेच दोन स्पीकर जरा मोठे, आणि वूफर पुढच्या वर्षी. वूफर आला की त्याची कट-ऑफ 80 हर्ट्‌झच्या आसपास ठेवा म्हणजे तो बोलण्यात नाक खुपसत नाही. रो-हाऊसच्या सामाईक भिंतीला तो चिकटवू नका, रात्री दहानंतर निवासी भागासाठी 45 डेसिबलची मर्यादा 2000 सालापासून कायद्यात आहे आणि शेजारी त्याहून जुने आहेत. चाळीसच्या पुढे गेलात तर समोरचे तीन चांगले आणि सेकंडहँड रिसीव्हर. कुठल्याही रकमेत एक-दीड हजार खोलीसाठी बाजूला काढा.

दुकानात ऐकायला जाल तेव्हा झिंगाट वाजवू नका. आपल्याला पाठ नसलेला, बोलणं जास्त असलेला सिनेमा पेनड्राइव्हवर न्या, आवाज मुद्दाम कमी ठेवा, आणि दुकानदाराला कूलर फुल करायला सांगा. वाक्यं कळली तर घ्या. जानेवारीत ऐकून घेतलेला संच एप्रिलमध्ये परत घेऊन येणारे पुष्कळ भेटतात, तेव्हा कुणी पैसे परत देत नाही. बिल पक्कं घ्या, वॉरंटीच्या कार्डावर शिक्का मारून घ्या. पाच डब्यांचे स्वस्त संच मी आता दुकानात मांडत नाही. कुणाला हवेच असतील तर मागवून देतो.